अंथरूण खाणारी मंडळी

फेब्रुवारी लागला की देशी बदामाची पानं तांबडी व्हायला लागतात, पिंपळाची पिवळी पडतात, आणि दुपारी वाऱ्याची एक झुळूक आली की अंगणभर सडा पडतो. मग कुणीतरी म्हणतं, “किती हा कचरा!” खराट्याने सगळा पाला एका कोपऱ्यात लोटला जातो आणि त्याला काडी लागते. पोरांनो, आज मला तुम्हाला त्या पाल्याचीच गोष्ट सांगायची आहे. ती ऐकलीत की पुढच्या वेळी काडी लावणाऱ्याचा हात तुम्हीच धराल, अशी माझी खात्री आहे.

गोष्ट झाडापासून सुरू करू. तुमच्या इंग्रजी चित्रांच्या पुस्तकांत पानगळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते. तिकडे पुढे बर्फ पडायचं असतं. गोठलेल्या जमिनीतून मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून झाडं आधीच पानं उतरवून मोकळी होतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण पाण्याची ओढ तशीच. पावसाळा संपून चार महिने उलटलेले असतात, जमीन वरून खाली सुकत चाललेली असते, आणि एकेक पान आपल्या रंध्रांतून पाण्याची वाफ सोडतच असतं. साग, पळस, पांगारा, सावर ही झाडं म्हणूनच उन्हाळ्याच्या तोंडावर उघडीबोडकी होतात. पिंपळ जरा निराळा. त्याची जुनी पानं गळतात न गळतात तोच तांबूस कोवळी पालवी फुटते.

“मग एवढी पानं टाकून झाडाचं नुकसान नाही का होत आजोबा?”

चांगला प्रश्न आहे. झाड पान तसंच्या तसं टाकत नाही. आधी त्यातलं कामाचं काढून घेतं. पानातलं हरितद्रव्य मोडतं, त्याच्याजवळची प्रथिनं मोडतात, आणि त्या प्रथिनांतला नायट्रोजन सुटा होऊन फांदीकडे परत जातो. त्याच्याबरोबर स्फुरद जातो, पालाशाचाही बराच भाग जातो. साधारण निम्मा नायट्रोजन आणि निम्मा स्फुरद झाड असा माघारी नेतं. हिरवा रंग मोडला की आत पहिल्यापासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो; पिंपळाचं पान पिवळं दिसतं ते म्हणून. बदामाचं पान त्याच्याही पुढे जातं. गळण्याआधी ते अँथोसायनिन नावाचं तांबडं द्रव्य नव्याने तयार करतं. मग देठाच्या तळाशी पेशींचा एक बारीक पट्टा तयार होतो, त्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा चिकट पदार्थ विरघळतो, आणि पान स्वतःच्याच वजनाने सुटतं. फांदीवर उघडी जखम राहत नाही, तिथे बुचाचा पापुद्रा धरतो. एखादं गळलेलं पान उचला आणि देठाचं टोक बघा. किती स्वच्छ, गुळगुळीत असतं! मग एक हिरवं पान ओढून तोडा आणि त्याचं टोक बघा. फरक तुमचा तुम्हालाच दिसेल.

एक वस्तू मात्र झाडाला परत नेता येत नाही. कॅल्शियम, म्हणजे चुन्यातला मुख्य घटक. ते पाण्याबरोबर मुळांतून पानात चढतं, पण पानातून अन्न खाली नेणाऱ्या नळ्यांतून सहसा माघारी जात नाही. त्यामुळे पान जितकं जुनं, तितका त्यात चुना साठलेला. हे ध्यानात ठेवा. हा चुना पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडणार आहे.

म्हणजे खाली पडतं ते पान रिकामं नसतं. त्यात बहुतेक सगळा कार्बन तसाच असतो, सेल्युलोजच्या आणि लिग्निनच्या रूपात. नायट्रोजन तेवढा थोडा. सुक्या पाल्यात नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे 40 ते 80 भाग निघतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या भाजीच्या देठांत आणि सालींत हेच प्रमाण 15 ते 20 च्या आसपास असतं. कुजवणाऱ्या जीवाणूंना सगळ्यात मानवतं ते 25 ते 30. नुसता भाजीपाला साठवला तर तो आंबतो, घाण वास मारतो, चिलटं धरतात. नुसता सुका पाला ठेवला तर वर्षभर तसाच पडून राहतो. दोन्ही एकत्र केले की काम सुरू होतं. एकाच घरातला ओला कचरा आणि एकाच अंगणातला सुका पाला एकमेकांची उणीव भरून काढतात, याचं मला अजून नवल वाटतं.

या दोन्हींचं खत करायला पेटीत गांडुळं पाळतात. आता त्यांच्याकडे येऊ. सगळी गांडुळं एकाच ठिकाणी राहत नाहीत. काही जमिनीत खोल उभी बिळं करतात आणि रात्री वर येऊन पानं आत ओढून नेतात. काही वरच्या वीत-दीड वीत थरात आडवी फिरतात आणि मातीच खातात. तिसरी जात मातीत फारशी शिरतच नाही. कुजणारा पाला, शेण, ओल्या लाकडाखालची जागा, इथेच तिचा सगळा जन्म जातो. पेटीत पाळायची ती ही तिसरी. आपल्याकडे गांडूळखतासाठी जी कल्चर विकत मिळतात त्यांत बहुधा तीन नावं ऐकू येतात. आयसेनिया फेटिडा, अंगावर तांबडे-पिवळसर पट्टे असलेलं, मूळचं युरोपातलं. युड्रिलस युजिनी, लांब आणि चपळ, मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. आणि पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस, उजेडात निळसर चमक मारणारं, आपल्याच भागातलं. शेत नांगरताना वर आलेलं जाडजूड गांडूळ कुणी प्रेमाने पेटीत आणून सोडलं, तर ते बिचारं जगत नाही. त्याला माती हवी असते, आणि खोली.

या तिसऱ्या जातीचं घरच मुळी पडलेल्या पानांचा थर. म्हणून पेटीच्या तळाशी आपण जे अंथरतो त्यासाठी पाल्याइतकं योग्य दुसरं काही नाही. लोक वर्तमानपत्राच्या पट्ट्या घालतात, नारळाचा काथ्या घालतात, पुठ्ठा घालतात, चालतं तेही. पण पाला घातला की गांडूळ ओळखीच्या जागी येतं. तिथे अंधार असतो, पानापानांत हवा खेळते, ओल टिकते. वर घातलेला भाजीपाला आंबायला लागला, तापायला लागला, तर खाली सरकून जीव वाचवायला जागा असते. आणि तेच अंथरूण हळूहळू मऊ होत जातं, तसं ते खायलाही मिळतं.

“म्हणजे ते आपलं अंथरूणच खातं?” धाकटीने विचारलं.

हो, खातं. म्हणून तर ते पुनःपुन्हा घालत राहावं लागतं.

गांडूळ पानाशी कसं वागतं, हे एका माणसाने जितक्या जिव्हाळ्याने पाहिलं तितकं क्वचितच कुणी पाहिलं असेल. चार्ल्स डार्विन. माकडांची आणि उत्क्रांतीची गोष्ट तुम्ही ऐकली आहे, पण त्याच डार्विनचा गांडुळांशी चाळीसहून जास्त वर्षांचा संबंध होता. तो तरुण असताना त्याच्या मामाने, जोसाया वेजवुड यांनी, त्याला आपल्या शेतातली एक गंमत दाखवली. काही वर्षांपूर्वी गवतावर पसरलेला चुना आणि कोळशाची राख जमिनीच्या आत गेलेली होती. कुणी पुरलेली नव्हती. मामा म्हणाले, हे काम गांडुळांचं असावं. 1837 साली डार्विनने लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेत त्यावर निबंध वाचला. पुढे 1842 मध्ये त्याने डाउन गावातल्या आपल्या घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरवून ठेवले. आणि थांबला. किती? 29 वर्षं. 1871 साली तिथे चर खणला तेव्हा खडूची पांढरी रेघ जमिनीखाली 7 इंचांवर सापडली. वरची सात इंच माती गांडुळांनी पोटातून काढून वर आणून टाकली होती. एका प्रयोगाच्या उत्तरासाठी 29 वर्षं धीर धरणारा माणूस! मला त्याच्या सगळ्या शोधांत हा धीर फार मोठा वाटतो.

म्हातारपणी तर त्याने आपल्या अभ्यासिकेत कुंड्यांमध्ये गांडुळं पाळली. रात्री तांबड्या काचेचा दिवा घेऊन तो त्यांना पाहत बसे, कारण तांबडा उजेड गांडुळांना जाणवत नाही. त्यांना ऐकू येतं का हे बघण्यासाठी त्यांच्याजवळ शिट्टी वाजवली, बासून नावाचं खर्जातलं वाद्य वाजवलं, जवळ जाऊन ओरडून पाहिलं. गांडुळं ढिम्म. मग कुंड्या पियानोवर ठेवल्या आणि एक सूर वाजवला. त्याबरोबर गांडुळं सरकन बिळात! कान त्यांना नाहीत, पण कंप अंगाला कळतो.

आणि आता आपल्या विषयाची गोष्ट. गांडुळं रात्री पानं ओढून बिळाच्या तोंडात घालतात. डार्विनच्या मनात आलं, ती पान कुठून धरतात? त्याने बिळांमधून 227 सुकलेली पानं बाहेर काढून तपासली. 181 पानं टोकाकडून ओढलेली होती, 20 देठाकडून आणि 26 मधून. बहुतेक पानं टोकाला निमुळती असतात, टोकाकडून ओढली तर अरुंद बिळात सहज शिरतात. गांडुळाला डोळे नाहीत, तरी पानाची कोणती बाजू आत घालणं सोपं हे त्याला उमगत होतं. कुणी म्हणेल, ती पिढ्यान्पिढ्यांची सवय असेल. म्हणून डार्विनने कागदाचे लांबट त्रिकोण कापले, ओलीने मऊ पडू नयेत म्हणून त्यांना चरबी चोळली आणि बिळांजवळ टाकले. कागदाचा त्रिकोण तर कुठल्याच गांडुळाच्या वाडवडिलांनी पाहिलेला नव्हता. 303 त्रिकोणांपैकी 62 टक्के टोकाकडून ओढले गेले. चाचपून आकार ओळखणं आणि त्याप्रमाणे वागणं, याला थोडी तरी समज म्हणायला हवी, असं डार्विनने लिहिलं. 1881 च्या ऑक्टोबरात ते पुस्तक निघालं आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो वारला. त्याचं शेवटचं पुस्तक गांडुळांवर आहे.

त्याने आणखी एक गोष्ट टिपून ठेवली आहे. पान खाण्याआधी गांडूळ त्याच्यावर एक पाचक द्रव सोडतं आणि ते भिजवून मऊ करतं. म्हणजे पचनाचं काम तोंडात घास जायच्या आधीच सुरू होतं. याचं कारण साधं आहे. त्याला दात नाहीत. कोरडं, कडक पान त्याला चावताच येत नाही.

म्हणूनच आपण पेटीत पाला घालताना पहिलं काम भिजवण्याचं. बादलीत पाणी घ्या, त्यात पाला दाबून रात्रभर ठेवा. बदामाच्या पानांचं पाणी सकाळी गर्द तपकिरी झालेलं दिसेल. ते टॅनिन. मासे पाळणारी मंडळी मुद्दाम बदामाची सुकी पानं टाकीत घालतात ती या टॅनिनसाठीच. पण टॅनिन प्रथिनांना घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे कुजणं मंदावतं. पहिलं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतून द्या आणि पाला निथळत ठेवा. मूठभर पाला घट्ट पिळला तर एखाद-दोन थेंब पडावेत, धार लागू नये. गांडुळाला फुप्फुसं नाहीत. ओल्या कातडीतून विरघळलेला प्राणवायू आत जातो. कातडी सुकली तर श्वास बंद, आणि पाण्यात हवा उरली नाही तरीही श्वास बंद. ओल राखायची ती अशी मधली.

दुसरं काम फाडण्याचं. पिंपळाचं, बदामाचं, सागाचं पान सपाट असतं. ओली सपाट पानं एकावर एक चिकटली की त्यांच्या मध्ये हवा जात नाही आणि तो थर आतून आंबतो. पेटीतून आंबूस वास आला की समजावं, कुठेतरी असा चिकटलेला थर आहे. हाताने उकलून मोकळा करावा. पानं हातानेच चुरगळा, दोन-चार तुकडे करा. ते काम तुम्हा मुलांना मी मुद्दाम सांगतो, कारण पान हातात घेतल्याशिवाय त्याची ओळख होत नाही. गुलमोहराची, शिरीषाची बारीक पानं फाडावी लागत नाहीत, ती मोठ्या पानांत मिसळली की थर आपोआप मोकळा राहतो.

कोणता पाला घ्यावा, यावरून लोक फार वाद घालतात. आंब्याचं पान जाड, मेणचट. ते तसंच घातलं तर महिनोन्महिने तसंच दिसतं. बांबूच्या पानांत वाळूचाच अंश, म्हणजे सिलिका, भरपूर असतो, तीही मंद. निलगिरीच्या पानांत उग्र तेल असतं, ती मी टाळतोच. कडुनिंबाविषयी मात्र उगाच भीती आहे. निंबाने कीड मरते, मग गांडूळही मरेल, असं लोकांना वाटतं. पुदुच्चेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी निंबाच्याच पानांवर गांडुळं वाढवून पाहिली आणि 2004 मध्ये ते प्रसिद्ध केलं. गांडुळं नुसती जगली नाहीत, चांगली वाढली. त्याच मंडळींनी आंब्याच्या पाल्यावरही काम केलं. तो आधी थोडा कुजवून घेतला आणि मग गांडुळांना दिला, तर त्याचंही खत होतं. म्हणजे अवघड पानाला नाही म्हणायचं नाही, त्याला थोडा जास्त वेळ द्यायचा. रस्त्यावरून झाडून आणलेला पाला तेवढा नीट निवडून घ्या. त्यात प्लॅस्टिक असतं, गुटख्याच्या पुड्या असतात, गाड्यांचं तेल सांडलेलं असतं.

पेटी कसली घ्यावी? फळांचा प्लॅस्टिकचा क्रेट चालतो, आंब्याची लाकडी पेटी चालते, तळाला भोकं पाडलेला ड्रमही चालतो. पाणी निथळायला आणि हवा यायला वाट हवी, एवढंच. तळाशी पाल्याचा वीतभर थर. त्यावर मूठ-दोन मुठी बागेतली माती किंवा जुनं शेणखत. मग गांडुळं. मग थोडा भाजीपाला, एका कोपऱ्यात, आणि तो पुन्हा पाल्याने झाकायचा. उघडा ठेवलात तर चिलटं येणारच. लिंबू-संत्र्याच्या साली, मीठ-तेलाचं उरलेलं जेवण, लोणचं हे काही घालायचं नाही. मुंग्या लागत असतील तर पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा.

ती मूठभर माती कशासाठी, हे विचारलं नाहीत तुम्ही. सांगतो. एक, तिच्यातून जीवाणू आणि बुरशी येते. दुसरं कारण जास्त गमतीचं आहे, ते गांडुळाच्या पोटात गेल्यावर कळेल.

पाला भिजवून घातल्यावर गांडुळं लगेच त्याच्यावर तुटून पडत नाहीत. आधी बुरशी येते. पांढरे बारीक तंतू पानाच्या रंध्रांतून आत शिरतात. जीवाणू पानातली उरलीसुरली साखर खातात, मग सेल्युलोजला हात घालतात. लिग्निन, म्हणजे शिरांना ताठपणा देणारं द्रव्य, सगळ्यात शेवटी, आणि ते बहुतकरून बुरशीच मोडू शकते. तुम्ही पिंपळाचं पान पाण्यात घालून ठेवता ना, जाळीदार पान मिळवायला? रोज पाणी बदलता, मऊ झालेला गर हळूच घासून काढता, आणि मग शिरांची ती नाजूक जाळी हातात येते. ते पान तुम्ही नाही केलेलं. पाण्यातल्या जीवाणूंनी मऊ भाग खाल्ला आणि लिग्निनच्या शिरा सोडून दिल्या. पेटीतही अगदी हेच चाललेलं असतं. फरक इतकाच, की तिथे ती जाळीसुद्धा पुढे खाल्ली जाते.

गांडूळ खातं ते खरं तर पान कमी आणि पानावर वाढलेली ही जीवाणू-बुरशीची साय जास्त. तिच्यात प्रथिनं असतात. पानातला जो नायट्रोजन झाडाने काढून नेला होता, त्याची भरपाई भाजीच्या सालींतून होते आणि ती या सूक्ष्मजीवांच्या अंगात साठते. त्यांच्याबरोबर आणखीही पाहुणे येतात. पांढरे, टुणकन उडणारे स्प्रिंगटेल. बारीक कोळीकिडे. कधी दोऱ्याएवढे पांढरे किडे दिसतात आणि मुलं ओरडतात, “आजोबा, पिल्लं झाली!” ती पिल्लं नव्हेत, ते गांडुळाचेच लहान पांढरे चुलत भाऊ. खऱ्या पिल्लाच्या अंगातून आत चाललेली रक्ताची लाल रेघ दिसते. त्याच्या रक्तातही आपल्यासारखंच लोह धरणारं हिमोग्लोबिन असतं.

आता मऊ झालेलं पान त्याच्या तोंडात गेलं. अन्ननलिकेच्या बाजूला काही गांडुळांत बारीक ग्रंथी असतात, त्यांत चुन्याचे कण तयार होतात. झाडाने मागे ठेवलेल्या कॅल्शियमचा विषय मघाशी निघाला होता, तो इथे जुळतो. अन्नाबरोबर आलेलं जास्तीचं कॅल्शियम या ग्रंथींतून कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने बाहेर पडतं. डार्विनलाही या ग्रंथींनी बराच विचार करायला लावला. पानांतला जास्तीचा चुना बाहेर टाकणं आणि कुजणाऱ्या पानांतलं आम्ल मारणं, अशी दोन कामं त्याने त्यांना लावली होती. झाडाला जे परत नेता आलं नाही, ते असं गांडुळाच्या अंगातून फिरून मातीत उतरतं.

पुढे येते पेषणी. जाड स्नायूंची ही पिशवी म्हणजे गांडुळाचं जातंच. पण जात्याला पाळू लागते, आणि ती त्याच्या अंगात नाही. म्हणून ते मातीतले वाळूचे कण गिळतं आणि त्यांच्यामध्ये पान दळून काढतं. ती मूठभर माती यासाठी हवी होती. अंड्याची कवचं वाळवून, कुटून घातली तरी तेच काम होतं. पुढे आतड्यात जीवाणूंची आणखी एक फौज असते. घास बाहेर पडतो तेव्हा तो बारीक दाण्यांच्या रूपात, चिकट स्रावाने बांधलेला असतो. हे दाणे पाण्यात पटकन विरघळत नाहीत, त्यांच्यामध्ये हवा राहते, ओल राहते, आणि मुळांना त्यातला नायट्रोजन, स्फुरद घ्यायला सोपा जातो. चांगल्या गांडूळखताला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. नाक जवळ न्यायला घाबरू नका.

आता उन्हाळ्याचं सांगतो, कारण आपल्याकडे पेट्या मरतात त्या बहुधा एप्रिल-मे मध्ये. 35 अंशांच्या वर गेलं की ही गांडुळं टिकत नाहीत, आणि नागपूर-अकोल्याकडे तर मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो. पेटी दाट सावलीत ठेवा, वर गोणपाट ओलं करून टाका, सकाळ-संध्याकाळ शिडकावा द्या. आणि पाल्याचा थर वाढवा. जाड थराच्या आतली ओल लवकर उडत नाही, तळाशी गारवा राहतो. ओल्या गवताचा किंवा भाजीपाल्याचा मोठा ढीग मात्र एकदम घालू नका. कुजताना तो स्वतःच तापतो, आणि बंद पेटीत गांडुळांना पळून जायला जागा नसते.

पावसाळ्याची अडचण निराळी. भाजीपाला बारा महिने निघतो, पण सुका पाला मिळतो फाल्गुन-चैत्रात. जुलैमध्ये पेटीत पाणी सुटतं, वास मारायला लागतो, तेव्हा मूठभर कोरडा पाला मिळावा म्हणून माणूस कासावीस होतो आणि तो कुठेच नसतो. म्हणून आत्ताच पोती भरायची. पाला खडखडीत वाळवून, पोत्याचं तोंड बांधून, पावसाच्या झडीपासून दूर ठेवायचा. ज्यांच्याकडे अंगण नाही त्यांनी अंगणवाल्यांकडून मागून घ्यावा. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ नावाच्या उपक्रमाने नेमकं हेच जमवलं. ज्यांच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्यांना तो बागेसाठी हवा आहे, त्यांची गाठ घालून दिली. पोती एका घरून दुसऱ्या घरी जाऊ लागली.

कोकणात या पाल्याला पातेरा म्हणतात. भाताच्या रोपांसाठी तिथे पातेरा, कवळं, शेण पसरून राब भाजतात. तणाचं बी मरतं, राखेतून पालाश आणि चुना मिळतो. त्यामागे पिढ्यांची कारणं आहेत आणि मी त्या शेतकऱ्याला उपदेश करायला जाणार नाही. पण शहरात रस्त्याकडेला पेटवलेल्या ढिगाला असं कोणतंच कारण नाही. त्यातला कार्बन आणि नायट्रोजन हवेत जातो, धूर शेजारच्या म्हाताऱ्याच्या छातीत जातो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घातली आणि 5,000 रुपयांचा दंड ठरवला. तरी फेब्रुवारीत पहाटे फिरायला गेलं की धुराचा वास येतोच. मला त्याचा मनापासून राग येतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पेटीतली गांडुळं फार झाली म्हणून ती सहलीला जाताना डोंगरात, जंगलात सोडू नका. उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागात हिमयुगातल्या बर्फामुळे स्वतःची अशी गांडुळं उरलीच नव्हती. तिथली जंगलं गांडुळांशिवाय वाढली, पाल्याचा जाड थर हीच त्यांची जमीन. मग युरोपातून आलेल्या माणसांबरोबर, कुंड्यांतून, पुढे मासे धरायच्या आमिषातून गांडुळं आली. मिनेसोटासारख्या भागात त्यांनी तो थरच खाऊन टाकला, आणि त्यात रुजणारी नेची, रानफुलं, झाडांची रोपं कमी होत गेली. पेटीत जो गुण, तोच तिथे घात ठरला. आपल्या सह्याद्रीत आपली गांडुळं आहेत, त्यांच्या पाल्यावर त्यांचाच हक्क राहू द्या. पेटीतली जास्त झाली तर शेजाऱ्याला द्या.

दोन-तीन महिन्यांनी खालचा भाग काळा, भुसभुशीत झालेला दिसेल. मग आठ-दहा दिवस पेटीच्या एकाच बाजूला नवा भिजवलेला पाला आणि भाजीपाला घाला, दुसरी बाजू तशीच ठेवा. गांडुळं खाण्याच्या मागे नव्या पाल्याकडे सरकतात. रिकाम्या झालेल्या बाजूचं खत काढून सावलीत ढीग करा. उरलेली गांडुळं उजेडाला भिऊन तळाशी जमतात, ती उचलून परत सोडा. मग खत चाळा.

चाळणीत वर जे राहतं, त्याला कचरा समजू नका. बदामाचे देठ, सागाच्या जाड शिरा, अर्धवट खाल्लेल्या पानांच्या जाळ्या असतात त्यात. नीट पाहिलंत तर मोहरीपेक्षा थोडे मोठे, दोन्ही टोकांना निमुळते, पिवळसर-तपकिरी दाणे दिसतील. ते गांडुळांचे अंडकोश. गांडुळाच्या अंगावर जो फुगीर पट्टा दिसतो, तिथून ते तयार होतात. प्रत्येक गांडूळ नरही असतं आणि मादीही, पण जोडी जमल्याशिवाय सहसा अंडकोश धरत नाही. आयसेनियाच्या एका कोशातून साधारण तीन आठवड्यांनी दोन-चार पिल्लं निघतात, आणि दीड-दोन महिन्यांत तीही मोठी होतात. चाळणीवरचा हा सगळा चुरा नव्या भिजवलेल्या पाल्यावर पसरायचा. त्यात कोश आहेत, पाल्याला लागणारी बुरशी आधीच मुरलेली आहे, त्यामुळे नवा थर पहिल्यापेक्षा लवकर मऊ पडतो. वरून हलका शिडकावा द्या, गोणपाट टाका, आणि पहिले चार-पाच दिवस त्यात भाजीपाला घालू नका.